तिसरा गोल

फोंड्याच्या बाजारात, झेरॉक्सच्या दुकानात,
नेल्सनने आमचा अर्ज उघडला.
नावं, वयं, माझा रक्तगट,
सगुणचा पतसंस्थेतला पगार,
सगळं भरून झालं आणि तो थांबला.
"मुलगा, मुलगी, की काही चालेल?"
मान न वळवता विचारलं त्याने,
जसं मघाशी एकाला विचारलं होतं,
रंगीत की काळंपांढरं.

"मुलगी," सगुण म्हणाला.
इतक्या पटकन, की मला कळलं
हे घरी ठरलंय,
आणि ठरलं तेव्हा मी चुलीकडे होते.

सोप्यावर ठरलं असणार.
भाई पानाला चुना लावत म्हणाले असणार,
"चली हाड रे. चली मायेची आसता."
जाऊबाईंनीही दुजोरा दिला असणार,
मुलीच हो बघतात शेवटी आईबापांना.
गेल्या आठवड्यात सगळे एकाएकी इतके बरे वागत होते
की मी दोनदा चहा केला.

सहा वर्षांमागे
माझ्या पोटात तीन महिन्यांचं काहीतरी होतं.
तेव्हा हीच माणसं देवळात प्रसाद लावायला गेली.
देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या,
भटजींचं गाऱ्हाणं: मुलगा असेल तर उजवी दे, माये.
आम्ही श्वास धरून.
उजवी पडली.
भाईंनी स्वतः पेढे वाटले, पार पदेराच्या घरापर्यंत.

पंधरा दिवसांनी मडगावच्या इस्पितळात
जे गेलं
ते उजवं होतं की डावं,
कुणी विचारलं नाही.

"सर्व्हर पडला," नेल्सन म्हणाला. "फाल्यां यो."

रात्री मी विचारलं, मुलगीच का?
सगुण पंख्याकडे बघत राहिला.
मग एकेक शब्द सुपारीसारखा कातरत म्हणाला,
मुलगा आणला तर उद्या
महाजनांच्या वहीत त्याचं नाव आलं.
पालखीला खांदा आला. कुळागरात वाटा आला.
कोणाचा कोण, विचारतील.
भाईंचे दोघे आहेत ना त्याला.
मुलगी काय, वाढेल, शिकेल,
जाईल आपल्या घरी.

आपल्या घरी.
म्हणजे जिचं तोंडही अजून पाहिलं नाही
तिची पाठवणी करून
हे लोक हात धुऊन जेवायला बसले होते.
आणि तो, जो कुठेतरी पाळण्यात मुठी चोखत असेल,
त्याला उंबऱ्यावरच अडवलं होतं
माझ्या घरातल्या मऊ बोलणाऱ्या माणसांनी.

खोटं का बोलू,
मलाही मुलगीच हवी होती.
कपाटात, साड्यांच्या मागे,
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेला
बोटभर लांबीचा फ्रॉक आहे,
लिंबाच्या रंगाचा. सगुणला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एकटीच गेले.
नेल्सन पाव खात होता. हात पुसले, अर्ज काढला.
"कालचंच न्ही? मुलगी?"
पडद्यावर तीन गोल, डाळीच्या दाण्याएवढे.
मी त्या फ्रॉकचा विचार केला.
खांद्याशी दोन बटणं आहेत त्याला, एक सैल.

"तिसरा," मी म्हटलं.
"बरें," नेल्सन म्हणाला, "ह्यान बेगीन येता म्हणतात,"
जणू सिलिंडर.
चाळीस रुपये झाले.

बसमध्ये पावती चार घड्या करून पर्समध्ये ठेवली.
सगुण विचारेल तर सांगेन, सर्व्हरने केलं.
पाकळी पडली तेव्हा
कुणी तिला कारण विचारलं होतं?

"मार्दोळ कोण?" कंडक्टर ओरडला.
मी उठले. शेजारच्या बाईने
झोपलेलं पोर एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं,
मला वाट दिली.
टोपडं डोळ्यांपर्यंत ओढलेलं होतं.
काय होतं, कळलं नाही.
मी त्याच्या पायाला उगाच हात लावून उतरले.